मी काय म्हणते

माझी नात आठ वर्षांची आहे. तिचा जन्म नेदरलँड्समधील आइंडहोवन शहरी झाला. आमच्या पिढीच्या तोंडी मात्र त्या देशाचे नाव अजून हॉलंडच आहे. गेल्या दिवाळीत ती आईबापांबरोबर रिठदला आली आणि आल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तिने मला पेचात टाकले. मी ओसरीवर झोपाळ्यावर बसलो होतो. ती समोर येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवले, भुवया उंचावल्या आणि म्हणाली, "वेत् ये वत, आबा?"

डच भाषेशी माझा परिचय शून्य. माझा मुलगा आतून ओरडला, "बाबा, ती विचारते आहे, तुम्हाला ठाऊक आहे का काय?" जन्मभर मास्तरकी केलेल्या मनुष्याला कोणी प्रश्न विचारला की उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. मी प्रामाणिकपणे म्हटले, "नाही बुवा, ठाऊक नाही." त्यावर ती पोट धरून हसली. "आबा, त्याला उत्तर नाही द्यायचं! नुसतं थांबायचं!" मी थांबलो. मग तिने खरी गोष्ट सांगितली, "आपण शेतातली विहीर पाहायला जाऊ या."

पुढे आठ दिवस हा प्रकार मी नित्य पाहत होतो. खेळ सुचवायचा असो, लाडू मागायचा असो, की गच्चीवर झोपण्याचा बेत असो, प्रत्येक सूचनेच्या आधी दाराशी उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखे हे तीन शब्द यायचेच. मुलगा म्हणाला, तिकडे घरीदारी सगळे असेच बोलतात. अर्जात किंवा भाषणात हे शब्द कोणी वापरीत नाही, परंतु मित्रांत, नवराबायकोत, मायलेकरांत एखादा बेत मांडायचा म्हणजे आधी "वेत् ये वत". मला त्यातल्या पहिल्या शब्दाची मौज वाटली. डच भाषेतले हे ‘वेत्’ आणि संस्कृतातला ‘विद्’ धातू ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. म्हणजे ज्या धातूपासून आपण वेद म्हटला, त्याच धातूचा उपयोग माझी नात लाडू मागण्याकडे करीत होती! सतराव्या शतकात डचांची वखार आपल्या वेंगुर्ल्यास होती. तेथल्या बाजारात भाव करताना एखाद्या डच व्यापाऱ्याने असेच "वेत् ये वत" म्हणून आमच्या एखाद्या शेणव्याला कोड्यात टाकले असेल, अशी कल्पना करून मी त्या दिवशी एकटाच हसलो.

परंतु हसता हसता मनात आले की यात परके असे काय आहे? आपल्या घरी तरी दुसरे काय चालते? "मी काय म्हणतो," असे म्हणून आपण गप्प राहतो. समोरचा मनुष्य मान वर करतो. मग आपण म्हणतो, "उद्या पाऊस दिसतो, तूर परवा पाहू." शब्दांचा नुसता अर्थ पाहिला तर ते वाक्य वेडगळच ठरेल. आपण काय म्हणतो हे आपल्यालाच ठाऊक नाही आणि ते आपण दुसऱ्याला विचारतो आहोत, असा त्याचा अर्थ होईल. तथापि आजवर या प्रश्नाचे उत्तर कोणी दिलेले मी ऐकले नाही. इंग्रज आपल्या भाषेत "आय टेल यू व्हॉट" म्हणतो, आमचा हिंदी बोलणारा शेजारी "मैं क्या कहता हूँ" म्हणतो. जगात जेथे जेथे एका मनुष्याला दुसऱ्याच्या मनात आपला विचार घालायचा आहे, तेथे तेथे त्याला आधी दार वाजवावेसे वाटते, असे यावरून दिसते.

शाळेत व्याकरण शिकविताना मी मुलांकडून क्रियापदाचे चार अर्थ पाठ करून घेत असे: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. त्या जाड ग्रंथाचा धाक आम्हा मास्तरांना फार. आज्ञा कशी करावी, कर्तव्य कसे सांगावे, हे सारे व्याकरणात आहे. पण आज्ञाही नव्हे, विनंतीही नव्हे, कर्तव्याचा उपदेशही नव्हे, अशी जी घरगुती सूचना, तिची खरी खूण क्रियापदात नाही. ती या पहिल्या तीन शब्दांत आहे. "विहीर पाहायला चला" ही आज्ञा झाली. "विहीर पाहायला जावे" हा उपदेश झाला. "मी काय म्हणतो, आपण विहीर पाहायला जाऊ या" यात मात्र ऐकणाऱ्याला नाही म्हणण्याची जागा ठेवलेली आहे. आणि मराठीचे भाग्य असे की तिच्यापाशी ‘आम्ही’पासून वेगळा असा ‘आपण’ आहे. आम्ही म्हटले की समोरचा मनुष्य बाहेर राहिला; आपण म्हटले की तो आत आला. सूचनेचे वाक्य ‘मी’पासून निघते आणि ‘आपण’पाशी पोहोचते. एवढ्याशा वाक्यात केवढा प्रवास!

हे सारे मला सुचले ते वऱ्हाडातल्या माझ्या घरी, आणि त्यामुळे आईची आठवण होणे अपरिहार्य होते.

माझ्या वडिलांनी "मी काय म्हणतो" असे कधी म्हटल्याचे मला स्मरत नाही. त्यांना त्याची गरज नव्हती. ते म्हणत ते होत असे. आई मात्र प्रत्येक गोष्टीची सुरुवात तेथूनच करी. रात्री वडील जेवायला बसले, भाकरीचा दुसरा चतकोर ताटात पडला, म्हणजे ती चुलीकडे पाहत म्हणे, "मी काय म्हन्ते..." आणि थांबे. वडिलांनी "हं" केले तर पुढचे वाक्य येई, नाही तर येत नसे. "जवारी आत्ताच नोका इकू." "मिरगाच्या आंदी गोठ्यावरचे टिनं पाहून घ्या." वडील त्यावर काही बोलत नसत, किंवा "तुले काय समजते त्याच्यातलं" एवढे म्हणत. परंतु सकाळी ओसरीवरून गड्याला हुकूम सुटे तो नेमका रात्रीच्या सूचनेचाच असे. आम्ही भावंडे गालातल्या गालात हसत असू. आईने त्याचे श्रेय कधी घेतले नाही. पेरणी तिची आणि पीक वडिलांचे, असा तो घरातल्या विचारांचा बटईचा व्यवहार होता.

तो व्यवहार एका रात्री मोडला. सन १९६४. माझी मोठी बहीण सातवीत पहिली आली होती. मी तिच्याहून तीन वर्षांनी लहान, तिच्याच पाटीवर अक्षर गिरवून शिकलेला. त्या रात्री आईने भाकरीचा चतकोर वाढला आणि नेहमीप्रमाणे म्हणाली, "मी काय म्हन्ते..." वडिलांनी हं केले नाही. तरीही, माझ्या आठवणीत प्रथमच, तिने पुढचे वाक्य उच्चारले, "पोरीले वाशीमले मामाकडे ठेवू. पुढं शिकू द्या." वडिलांनी हातातला घास खाली ठेवला. ते ओरडले नाहीत. अगदी शांतपणे म्हणाले, "तू काई म्हनू नोको."

पुढच्या वैशाखात ताईचे लग्न झाले. त्यानंतर आई पंचवीस वर्षे जगली. पण "मी काय म्हन्ते" हे शब्द तिच्या तोंडून मी पुन्हा ऐकल्याचे आठवत नाही. तिची वाक्ये आता दुसऱ्याच ठिकाणाहून सुरू होऊ लागली, "तुमी म्हनान तसं." वडिलांना यात काही उणे झाल्याचे जाणवले की नाही, देव जाणे. गोठ्याचे टिन मात्र दोन पावसाळे गळत राहिले.

मुलगा एके संध्याकाळी मला त्याच्या नव्या देशाविषयी सांगत होता. त्या देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. बांध घालून पाणी उपसून काढलेल्या अशा जमिनीला तिकडे पोल्डर म्हणतात. बांध फुटला तर पाणी श्रीमंताचे शेत आणि गरिबाचे शेत असा भेद करीत नाही. त्यामुळे बांधाच्या कामी कोणा एकट्याचा हुकूम चालवून भागत नाही. तेराव्या शतकापासून तेथे पाण्याची व्यवस्था पाहणारी मंडळे आहेत आणि आजही त्यांच्या निवडणुका होतात. १९८२ साली वासेनार या गावी मालकांच्या आणि कामगारांच्या संघटनांनी वेतन व कामाचे तास यांविषयी एकत्र बसून समेट केला. अशा रीतीने बोलून, सुचवून, ऐकून निर्णय घेण्याच्या वहिवाटीला ते लोक पोल्डरची पद्धतच म्हणू लागले. मुलगा म्हणाला, "बाबा, कधी कधी कंटाळा येतो. एका खिडकीचा रंग ठरवायला चार बैठका!" मी म्हटले, "आमच्याकडे एका बैठकीत मुलीचे आयुष्य ठरत असे." तो गप्प झाला. माझाही बोलण्याचा तसा हेतू नव्हता. शब्द तोंडून निघून गेले खरे.

भाऊबीजेला ताई आली. तिचे सासर येथून फार दूर नाही. पण आता तिचे गुडघे दुखतात, आणि एसटीची पायरी तिला डोंगरासारखी वाटते. दादा, म्हणजे आमचा थोरला भाऊ, रिठदलाच राहून शेती पाहतो. मी नोकरीपायी गाव सोडले आणि आता सणावाराचा पाहुणा झालो आहे. जमीन अजून वडिलांच्या वेळचीच, वाटण्या न झालेली. या वर्षी दादाने ठरविले की आपण हयात आहो तोवर कागद नीट करून टाकावेत. त्याकरिता ताईचे हक्कसोडपत्र हवे होते. मसुदा तयार होता. ओवाळणीच्या ताटाजवळ तिच्यासाठी आणलेली साडी, खण आणि त्याखाली घडी घातलेला तो कागद, असा सगळा थाट मांडला होता.

आपल्याकडे ही गोष्ट किती सहज चालते हे वाचकांना सांगावयास नकोच. बहिणीने माहेरची साडीचोळी घ्यावी आणि जमिनीवरचा हक्क सोडावा. न सोडला तर माहेर तुटले. वस्तुतः १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या वाट्यात हिस्सा दिला होता. १९९४ साली महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाच्या बरोबरीने बसविले. मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या, म्हणजे ताईसारख्या साऱ्याच बाहेर राहिल्या. २००५ साली केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निवाडा दिला की हा हक्क जन्मानेच मिळतो, २००५ साली बाप हयात असो वा नसो. हे सारे मी वर्तमानपत्रात वाचले होते. कात्रणसुद्धा काढून ठेवले होते. नागरिकशास्त्राच्या तासाला मी मुलींना समतेचे पाठ दिले आहेत. परंतु माझ्या स्वतःच्या बहिणीला मी त्यातले एक अक्षर सांगितले नव्हते. दादाने मसुदा दाखविला तेव्हा मी फक्त त्यातले शुद्धलेखन सुधारले होते! हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, पण न लिहून चालणार नाही.

ओवाळणे झाले. ताईने साडी मांडीवर घेतली, पदर पाहिला, रंग चांगला आहे म्हणाली. दादाने कागद पुढे केला. "सवडीनं रिसोडले जाऊन रीतसर करू. तू आज वाचून घे, म्हंजे झालं." ताईने चष्मा चढविला. "मी काय वाचू, दादा? तुमी म्हनान तसं," असे ती म्हणाली. आईचे तेच शब्द, तोच सूर. मला ते ऐकून गलबलले, तरीही मी बोललो नाही.

इतक्यात माझी नात धावत आली. तिच्या हातात रांगोळीचा डबा होता. ती सरळ ताईच्या गुडघ्याला बिलगली आणि भुवया उंचावून म्हणाली, "वेत् ये वत, आजी?" ताई गोंधळून माझ्याकडे पाहू लागली. "काय म्हन्ते रे बापू ही?"

मी म्हटले, "काही नाही. आपलं ‘मी काय म्हणते’ आहे ते. उत्तर द्यायचं नसतं. फक्त थांबायचं असतं."

"असं होय? माय म्हनायची," ताई म्हणाली आणि हसली. मग नातीला म्हणाली, "बरं, थांबली बाप्पा मी. सांग." नातीला अंगणात दुसरी रांगोळी काढायची होती आणि ठिपके ताईने टाकायचे होते. "येते, तू चाल पुढं," म्हणून ताईने तिला पाठविले. नंतर थोडा वेळ ती त्या कागदाकडे पाहत बसली. चष्मा काढला, घडी घातली आणि कागदावर ठेवला.

"दादा," ती म्हणाली, "मी काय म्हन्ते..."

आणि थांबली.

ओसरीवर कोणी बोलले नाही. साठ वर्षांपूर्वीच्या त्या रात्री चुलीपुढे किती शांतता होती, ती मला तेव्हा आठवली. दादालाही आठवली असावी, कारण त्याने तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. मग अगदी हलक्या आवाजात तो म्हणाला, "हं."

"आपन असं करू. मले जमीन कसाले पाह्यजे? या गुडघ्यानं म्या का वखर हानतो म्हनता? पेरा तुमीच, पीक बी तुमीच घ्या. पन सातबाऱ्यावर माहं नाव राहू द्या. तुमच्या दोघायच्या संगं. मी या घरची होती, येवढं कुठंतरी लिहेल असू द्या."

दादा वाईट मनुष्य नाही. त्याने आयुष्यभर त्या जमिनीत घाम गाळला आहे. दुष्काळात तिला सोडून गेला नाही. त्याच्या कपाळाला आठी पडली ती लोभाने पडली असे मी म्हणणार नाही. तो म्हणाला, "अन् उद्या तुहे पोरं आले मोजनी घेऊन तर?" ताई म्हणाली, "तवाचं तवा पाहू. आज मी आली आहे, अन् मी विचारून रायली."

आता माझी पाळी होती. कायद्याची सारी कलमे माझ्या जिभेवर आली. पण कायदा काढला असता तर ताईचे मागणे हा दावा झाला असता आणि ओसरीचे कोर्ट. तिने दावा केला नव्हता. तिने सुचविले होते. मी म्हटले, "दादा, मी काय म्हणतो, आज हा कागद राहू दे. तिला कायद्याने काय मिळते ते आधी मी तिला वाचून दाखवतो. ते मला पूर्वीच करायला हवे होते. मग आपण तिघे बसू."

‘आपण तिघे’ हे शब्द उच्चारताना माझ्या ध्यानी आले की आजवर जमिनीच्या बाबतीत आम्ही दोघे भाऊ ‘आम्ही’ म्हणत होतो.

त्या दिवशी सही झाली नाही. दादा उठून शेताकडे गेला आणि दिवेलागणीला परत आला. रात्री जेवताना तो ताईला एवढेच म्हणाला, "इहिरीकडचं आंब्याचं झाड तूच लावलं होतं ना?" ताई म्हणाली, "हो. सातवीत होती तवा." बस्स, इतकेच. दुसऱ्या दिवशी मी तिला कात्रण वाचून दाखविले. तिने सगळे लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, "हे तुले कवाचं ठाव होतं, बापू?" मी खरे ते सांगितले. ती काही बोलली नाही. माझ्या पाठीवर हात मात्र ठेवला. तो हात क्षमेचा होता की निरोपाचा, हे मला त्या क्षणी कळेना. पण महिन्याभराने दादाचाच फोन आला. तलाठ्याकडे तिघांच्या नावाचा अर्ज दिला आहे. ताईला आधारकार्डाची प्रत पाठवायला सांग, एवढेच तो म्हणाला. आवाज जरा रुष्ट होता. पण अर्ज दिला होता.

हे तीन शब्द घरात कोणाला म्हणता येतात आणि कोणाला येत नाहीत, यावरून त्या घराची पारख करावी, असे मला हल्ली वाटू लागले आहे. आमच्या घरात आईने ते म्हणण्याचे सोडले तेव्हा घर अधिक शांत झाले, आणि त्या शांततेला आम्ही मुले वळण समजत आलो. वडिलांनी त्या रात्री मुलीला शिकवायचेच नाही असे ठरविले असते, तरी एकदा "हं" म्हणून ऐकून घेतले असते तर आई कदाचित दुसऱ्या वर्षी पुन्हा म्हणाली असती, आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा. सूचना नाकारल्याने मरत नाही; ती मांडण्याची वाट बंद केल्याने मरते.

दर रविवारी आइंडहोवनहून फोन येतो. पडद्यावर प्रथम दोन भुवया दिसतात, मग नातीचा चेहरा. "वेत् ये वत, आबा?" ती विचारते. मी आता उत्तर देत नाही. थांबतो.